घरात कुणाला फिट येत असेल तर बघायचं काय, करायचं काय

चुलत बहिणीच्या लग्नानंतर घरी जागरण-गोंधळ होता. रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी साडेसहाच्या सुमारास माझा धाकटा भाऊ, तेव्हा १७ वर्षांचा, मोरीपाशी दात घासत उभा होता. त्याच्या हातातला ब्रश उडाला. तो उचलायला वाकला तर हात पुन्हा उडाला, आणि मग घशातून एक विचित्र मोठा आवाज काढून तो फरशीवर कोसळला. अंग ताठ, डोळे वर, दातखिळी बसलेली, ओठ निळसर. थोड्या वेळानं हातपाय झटके देऊ लागले. घरात चाळीसेक माणसं होती. कुणी चप्पल आणली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, दोघांनी हात दाबून धरले, आणि एका नातेवाइकांनी दातखिळी उघडायला स्टीलचा चमचा आत घातला. दीड-दोन मिनिटांत सगळं आपोआप थांबलं. पुढचा दात मात्र अर्धा तुटला होता. तो फिटनं नाही तुटला, चमच्यानं तुटला.

याला आता बारा वर्षं झाली. भाऊ नोकरी करतो, ट्रेकला जातो, रोज दोन वेळा गोळी घेतो. या बारा वर्षांत मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही: ज्याला फिट येते त्याला ती आठवत नसते. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर ती संपलेली असते. बघणारे असतो ते फक्त आपण, घरातले. म्हणून आपण काय बघितलं, किती नीट बघितलं आणि ते खरं सांगितलं का, यावर पुढचे उपचार बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

फिट म्हणजे नक्की काय होतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक संदेशांनी बोलतात. भाजी मंडईसारखं समजा. शेकडो माणसं एकाच वेळी बोलत असतात, पण प्रत्येकाचं बोलणं वेगळं, म्हणून व्यवहार चालू राहतो. अचानक सगळे एका सुरात एकच आरोळी ठोकू लागले तर व्यवहार ठप्प होईल. मेंदूत तसं झालं की ती फिट. एका कोपऱ्यातच झालं तर त्या कोपऱ्याकडे जे काम आहे तेवढंच बिघडतं. सगळ्या मेंदूत पसरलं की माणूस शुद्ध हरपून पडतो.

कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी मिरगी. शास्त्रीय नाव अपस्मार. यातला 'स्मार' म्हणजे स्मृती, ती जाते तो अपस्मार. चरकसंहितेत या आजाराचं निदान आणि चिकित्सा दोन्ही सांगितली आहे. नटराजाच्या मूर्तीत शंकराच्या पायाखाली जो बुटका पुरुष असतो, त्याचंही नाव अपस्मारच. इतका जुना, ओळखीचा आजार आणि तरी आपल्याकडे तो शेजाऱ्यांपासून लपवतात, याचं मला अजून वाईट वाटतं.

एक फिट आली म्हणजे अपस्मार झाला, असं मात्र नाही. सहा महिने ते पाचेक वर्षांच्या मुलाला तापात झटके येऊ शकतात. साखर किंवा सोडियम फार खाली गेलं, रोज दारू पिणाऱ्यानं ती एकदम सोडली, तरी फिट येते. ते कारण दूर झालं की बहुतेकदा विषय संपतो. तात्कालिक कारण नसताना, एका दिवसाहून जास्त अंतरानं दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण तपासण्यांवरून पुन्हा येण्याची शक्यता मोठी दिसली, तर डॉक्टर अपस्मार म्हणतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य निदान आणि उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात.

आता समोर फिट आली तर काय करायचं, ते सांगते. करायचं फार थोडं आहे. आधी घड्याळ बघा. आजूबाजूचं टोकदार, गरम, काचेचं सामान लांब करा. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. झटके सुरू असताना हातपाय दाबून धरू नका. त्यानं झटके थांबत नाहीत, खांदा मात्र निखळू शकतो. तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, बोट नाही, रुमाल नाही, पाणी नाही. जीभ गिळली जाईल ही भीती खोटी आहे. जीभ चावली जाते, पण ती भरून येते. तुटलेला दात भरून येत नाही. झटके ओसरू लागले की लगेच एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत जवळ थांबा, तोवर पाणीसुद्धा पाजू नका.

कांदा, चप्पल, हातात लोखंडाची किल्ली यांचा काही उपयोग नाही. मग ते पिढ्यान्‌पिढ्या का टिकलं? कारण बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबते, आणि त्या क्षणी हातात जे काही असेल त्याला श्रेय मिळतं.

झटके ५ मिनिटांच्या वर चालले तर वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा. एक फिट संपून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, आयुष्यातली पहिलीच फिट असेल, पाण्यात आली असेल, डोक्याला मार लागला असेल, बाई गरोदर असेल किंवा श्वास नीट सुरू होत नसेल, तरीही दवाखाना गाठायचाच. फिट लांबण्याची सवय असलेल्यांना डॉक्टर फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे लिहून देतात. तो आणलात तर कपाटात कुलूपबंद ठेवू नका. घरातल्या प्रत्येकाला तो कुठे आहे आणि कसा वापरायचा, ते माहीत हवं.

आणि शुद्ध येताना त्याच्यावर वाकलेले चाळीस चेहरे नकोत. भावानं मला नंतर सांगितलं, त्याला त्या दिवसाचं पहिलं आठवतं ते म्हणजे सगळे आपल्याकडे बघतायत आणि पँट ओली आहे. लघवी होणं हा फिटचाच भाग आहे. अंगावर चादर टाका, गर्दी हटवा, आणि साध्या आवाजात सांगा: "तुला फिट आली होती. दोन मिनिटं होती. मी इथेच आहे." पुढे तासभर, कधी जास्तही, झोप येते, डोकं दुखतं, अंग ठणकतं. झोपू द्या.

आता बघण्याबद्दल. आम्ही पहिल्यांदा न्यूरोलॉजिस्टकडे गेलो तेव्हा आईनं पडण्यापासून गोष्ट सुरू केली. डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि भावाला विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या हातातून वस्तू उडतात का?" आई एकदम गप्प झाली. वर्षभर उडत होत्या. चहाचा कप, कंगवा, एकदा तर दुधाचं पातेलं. वर्षभर ती त्याला धांदरट म्हणत होती, आणि मी हसत होते. ते सकाळचे हलके झटके हाच आजार होता. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी असं त्या प्रकाराचं नाव. वयात येताना सुरू होतो, जागरणानं भडकतो, गोळ्यांनी छान आटोक्यात राहतो, पण गोळ्या बहुधा खूप वर्षं, कधी कायम घ्याव्या लागतात. गंमत म्हणून सांगत नाही, पण तो कप उडायचा तपशील फार मोलाचा होता: एरवी उत्तम चालणारी कार्बामाझेपिनसारखी औषधं या प्रकारात झटके वाढवू शकतात. नुसतं "पडला आणि झटके आले" एवढंच सांगितलं असतं तर चुकीची गोळी सुरू होण्याची शक्यता होती.

फिटची रूपं खूप आहेत आणि निम्मी तर आपल्याला फिट वाटतच नाहीत. वर्गात मूल मध्येच दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतं, पापण्या फडफडतात, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू करतं. दिवसातून कितीतरी वेळा. बाई म्हणतात लक्ष नसतं. एखाद्या मोठ्या माणसाला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, हे आधी घडून गेलंय असं वाटतं, मग तो ओठ चाटत, शर्टाच्या गुंड्या चाळवत बसतो, हाक मारली तर उत्तर नाही. मिनिटभरानं भानावर येतो. कुणाचा एकच हात झटकतो. काहींना डोक्यावर कढत पाणी ओतून घेताना फिट येते. हा प्रकार आपल्या शेजारी कर्नाटकात बराच आढळला आहे. अशा माणसांना चक्रम, नाटकी, बाहेरची बाधा झालेली ठरवून देवऋषीकडे नेलं जातं आणि वर्षं वाया जातात. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. देवावर श्रद्धा असेल तर जरूर ठेवा, अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका.

म्हणून फिट येते तेव्हा एकानं माणसाला सांभाळावं आणि दुसऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. तो फक्त डॉक्टरांना दाखवायचा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. सुरुवात कुठून झाली, डोकं कुठल्या बाजूला वळलं, डोळे उघडे होते की मिटलेले, झटके दोन्हीकडे की एकीकडे, घड्याळानं किती वेळ, जीभ कुठे चावली, नंतर बोलायला किती वेळ लागला, हे त्याच दिवशी वहीत लिहा. आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, ताप, मुलींच्या बाबतीत पाळीची तारीख, हेही. वेळ घड्याळानंच मोजा, कारण जवळच्या माणसाची दीड मिनिटाची फिट दहा मिनिटांची वाटते. मला अजून वाटते.

तपासण्यांत ईईजी आणि एमआरआय असतात. ईईजी म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख. माणसाचा पहिला ईईजी जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली काढला. ईईजी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं समजू नका. मंडईत आरोळी उठलेली नसताना रेकॉर्डिंग केलं तर आरोळी कशी सापडेल? एमआरआयमध्ये मात्र कारण दिसू शकतं: जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याची खूण, डोक्याला बसलेला जुना मार, गाठ, म्हाताऱ्या माणसात पक्षाघात. आपल्या देशात एक मोठं कारण म्हणजे मेंदूत बसलेली फीतकृमीची गाठ. ती फक्त मांस खाणाऱ्यांना होते, असा गैरसमज आहे. त्या कृमीची अंडी न धुतलेल्या हातांतून, अस्वच्छ पाण्यातून, कच्च्या पालेभाजीतून कुणाच्याही पोटात जातात, शुद्ध शाकाहारी माणसाच्याही. कोथिंबीर, मुळा, गाजर खळखळून धुवायला हवंय ते यासाठी. आणि बऱ्याच जणांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, उपचार मात्र तरीही लागू पडतात.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घोळ इथेच होतात. या गोळ्या ताप उतरवायच्या गोळीसारख्या नाहीत. रक्तात त्यांची एक पातळी सतत राहावी लागते, म्हणून वेळ महत्त्वाची. सहा महिने फिट आली नाही की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता बरा झालाय, कशाला गरम औषधं?" फिट आली नाही ती गोळीमुळे. गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येत राहण्याची, जिवावर बेतेल अशी वेळ येऊ शकते. बऱ्याच जणांच्या गोळ्या किमान दोन वर्षं फिट न आल्यावर डॉक्टर हळूहळू कमी करतात, पण ते आजाराच्या प्रकारावर ठरतं आणि डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. आमच्याकडे सात खणांची डबी आहे, आणि पंधरा दिवसांचा जादा साठा कायम असतो, कारण गावाकडच्या मेडिकलमध्ये ती गोळी मिळेलच असं नसतं. मेडिकलवाल्यानं "हीच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरी दिली तर आधी डॉक्टरांना विचारा.

उपवासांचं काय? हरितालिकेला निर्जळी उपवास आणि वर रात्रीचं जागरण, म्हणजे अपस्मार असलेल्या मुलीसाठी सगळं नेमकं उलट. नवरात्रात, श्रावणात तेच. उपवास सैल करा, जागरण सोडा, आणि गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्याच. आमच्या आजीनं हे एका वाक्यात मिटवलं: औषधानं उपास मोडत नाही.

गोळ्यांचा त्रास होतो, तोही ऐकून घ्या. फेनिटॉइननं हिरड्या वाढतात. लेव्हेटिरासेटमनं काहींचा स्वभाव चिडका होतो. भावाला आधी तीच दिली होती, आणि आम्ही दोन महिने त्याच्याशी भांडत होतो, मग पाकिटातला कागद वाचला. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि मुलींच्या आईवडिलांनी हे नीट वाचावं: व्हॅल्प्रोएट चांगलं औषध आहे, पण गरोदरपणात बाळात व्यंग होण्याचा धोका त्यानं बराच वाढतो. म्हणून लग्नानंतर नाही, त्याच्या कितीतरी आधी न्यूरोलॉजिस्टशी बोला. औषध बदलता येतं, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करता येतं. दिवस गेल्यावर घाबरून स्वतःच गोळी बंद करणं हे सगळ्यात धोक्याचं. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना सुदृढ मुलं होतात.

साधारण तिघांपैकी एकाच्या फिट गोळ्यांनी पूर्ण थांबत नाहीत. दोन योग्य औषधं योग्य मात्रेत घेऊनही फिट येत असतील तर तिसरी, चौथी गोळी वाढवत दहा वर्षं काढू नका. अपस्माराचा खास विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात दाखवा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मारावरच्या शस्त्रक्रिया कित्येक वर्षं होतायत, मुंबईतही होतात. मुलांसाठी भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिठूळ असा कीटोजेनिक आहारही असतो, तो मात्र आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. अपस्मारात झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोकाही असतो, मोठ्या माणसांत वर्षाला हजारात सुमारे एक, आणि फिट आटोक्यात नसतील तर त्याहून जास्त. हे लिहिताना हात जड होतो. पण हे माहीत असलेला माणूस रात्रीची गोळी चुकवत नाही.

रोजच्या जगण्यात बदल थोडेच लागतात. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. बादलीनं, बसून अंघोळ. स्वयंपाक मागच्या शेगडीवर, पातेल्याचे कान आत वळवून. विहीर, नदी, तलावात एकट्यानं उतरायचं नाही, विसर्जनालाही नाही. गाडीचा प्रश्न अवघड आहे. लायसन्सच्या अर्जात अपस्मार आहे का, असं स्पष्ट विचारलेलं असतं, आणि तिथे खोटं लिहिलं तर रस्त्यावरचा दुसरा माणूसही धोक्यात येतो. भाऊ बसनं जातो. त्याचं त्याला वाईट वाटतं, आणि ते वाटणं आम्ही "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावत नाही.

मी स्वतः एक चूक कितीतरी वर्षं केली. तो अंघोळीला गेला की दारावर टकटक. फोन उचलला नाही की मित्रांना फोन. रात्री उठून श्वास बघायचा. एके दिवशी तो म्हणाला, "ताई, फिट मला वर्षातून एकदा येते गं. तू दिवसातून दहा वेळा येतेस." मी खूप रडले, पण त्याचं खरं होतं. फिट आली की डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि ती नसते तेव्हा नजर काढून घ्यायची, हे मला फार उशिरा जमलं. अपस्माराबरोबर उदासी, भीती बऱ्याच जणांना येते. "गोळी घेतलीस का?" याखेरीज "कसं चाललंय?" असंही विचारत जा.

लग्नाबद्दल बोलल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली वारंवार अपस्माराचे झटके येणाऱ्याला लग्नास अपात्र ठरवणारी तरतूद आली. १९९९ साली दुरुस्ती होऊन तो शब्द काढून टाकला गेला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की अपस्मार हा असाध्य रोग नाही, मनोविकारही नाही, त्यामुळे तो घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही. कायदा बाजूनं आहे. तरी ठरवताना लपवू नका. लपवलेल्या घरात सून गोळ्या चोरून घेते, मग चुकवते, मग फिट येते. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारख्या स्वमदत गटात याच विषयावर उघड बोललं जातं. तिथे जाऊन नुसतं बसलं तरी आपण एकटे नाही, हे कळतं.

भावानं नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या चौघांना सगळं सांगून टाकलं. आम्ही घाबरलो होतो. मागच्या वर्षी रात्रीच्या प्रवासात झोप झाली नाही, तो तसाच ऑफिसला गेला, आणि तिथे फिट आली. मी पोचले तेव्हा तो कोपऱ्यात जॅकेटवर डोकं ठेवून झोपला होता. आजूबाजूला कुणी जमलं नव्हतं. एका मुलीनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. ती अजून त्याच्या फाइलमध्ये आहे: "९.१२ला सुरू. आधी दोन्ही हात उडाले, मग पडला. डोळे उघडे. १ मिनिट ४० सेकंद. कुशीवर वळवलं. ९.३०ला स्वतःचं नाव सांगितलं. ताईला कळवा म्हणाला."